रोडग्यांचं दुसरं बोलावणं

पांढुर्ण्याला राहायला जायचं ठरलं तेव्हा मी सगळ्यात आधी हिंदीची तयारी केली. नवऱ्याचं गाव मध्य प्रदेशात, म्हणजे तिथे हिंदी बोलावं लागणार, हे मी गृहीत धरलं होतं. मी कोल्हापूरकडची. कागलच्या अलीकडच्या एका खेड्यात वाढलेली. आमच्याकडे हिंदी म्हणजे मराठीच, फक्त शेवटी ‘है’ लावलेली. म्हणून पुण्यातल्या घरात सामान बांधता बांधता मी हिंदी मालिका लावून ठेवायचे आणि त्यातल्या सुनांबरोबर मोठ्यानं बोलायचे. नवरा येता-जाता बघायचा, गालात हसायचा, पण एका शब्दानं काही सांगायचा नाही. लग्नानंतर मी सासरी तशी फारशी गेलेच नव्हते. गेले ती लग्नाकार्यांच्या गर्दीत, आणि त्या गर्दीत कोण काय बोलतंय याकडे कुणाचं लक्ष असतं?

पांढुर्ण्याला उतरले तर सगळं स्टेशन मराठीत बोलत होतं. पाट्या हिंदी, घोषणा हिंदी, आणि माणसं एकजात मराठी. रिक्षावाला नवऱ्याला म्हणाला, “काहून भाऊ, आता इथीच राहाले येऊन राहिले का?” आणि नरखेड सुटल्यापासून गप्प बसलेला माझा नवरा एकदम मोकळा होऊन म्हणाला, “हाव ना बाप्पा. सौसरकडच्या फॅक्टरीत नोकरी भेटली.” पुण्यात ‘मिळाली’ म्हणणारा माणूस! मला इतका आनंद झाला, की मी बाहेरच्या फळवाल्याकडे तरातरा गेले आणि विचारलं, “काय हो, संत्री कशी देतासा?”

फळवाल्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “मीठे हैं बहनजी, ले जाइए.”

माझ्या मागून आलेल्या बाईशी तो लगेच मराठीत बोलायला लागला.

तिथून जे सुरू झालं ते थांबेना. किराणावाला, दळणवाला, सौसरच्या बसचा कंडक्टर, सगळे एकमेकांशी मराठी बोलायचे आणि माझं तोंड उघडलं की हिंदीवर यायचे. मी मराठीतून साखर मागायची आणि त्यांनी मला हिंदीतून द्यायची. त्यांच्या मते मी बोलते ती मराठी नव्हतीच. परक्या माणसाला अडचण होऊ नये म्हणून ते बिचारे हिंदी बोलत. माझी हिंदी ऐकल्यावर मात्र ते पुन्हा विचारात पडत, की आता हिच्याशी बोलायचं तरी कशात? पुण्यातही लोक माझ्या बोलण्याला हसायचे, पण निदान मराठीत हसायचे.

आमच्याकडे बाई पण ‘मी आलो, मी जातो, मी करतो’ म्हणते. त्यात आम्हाला काही वाटत नाही. एकदा दारावर कुणीतरी हाक मारली आणि मी आतून ओरडले, “थांबा, आलो!” बाहेर गेले तर वीजबिलवाला माझ्या खांद्यावरून आत बघत उभा. म्हटलं, “काय पाहिजे?” तर म्हणाला, “वो भैया आ रहे थे ना अंदर से.”

आणि आवाज! आमच्याकडे बोलायचं म्हणजे पलीकडच्या शेतातल्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे, मग तो शेजारी का बसलेला असेना. मी आईला फोन लावला की सासरे टीव्हीचा आवाज बंद करायचे. मला वाटायचं, किती समजूतदार आहेत बाबूजी. नंतर कळलं, की माहेरी काहीतरी भयंकर घडलंय असं वाटून ते काळजीनं ऐकत बसायचे. मी आईला सांगत असायचे, की इथली वांगी लई भारी हाईत.

समोर एक काकू राहायच्या. त्यांचं दार आणि आमचं दार अगदी समोरासमोर. बांधा लहान, पण वट मोठी. गल्लीत कुणाचं लग्न जमलं, कुणाच्या घरी पाळणा हलला, कुणाची सून कशी निघाली, हे सगळं काकूंच्या ओट्यावर ठरायचं. मी आल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी सासूबाईंना हळूच विचारलं होतं, “सूनबाई रोज कोणासंग भांडून राहिली वो?”

सासूबाई म्हणाल्या, “भांडून नाई राहिली. तिच्या आईसंग बोलून राहिली.”

“आईसंग असं बोलते?” काकू म्हणाल्या, आणि तेव्हापासून त्या माझ्याशी फार जपून वागायला लागल्या. मी दिसले की म्हणायच्या, “कैसी हो बेटा? आप ठीक हो?” गल्लीतल्या सगळ्या सुनांना त्या ‘पोरी’ म्हणायच्या, उणंदुणं काढायच्या, झाडूवरून रागवायच्या, मग हाताला धरून ओट्यावर बसवायच्या आणि शेंगा सोलायला लावायच्या. मला मात्र ‘आप’. मला खुर्ची. मला पाणी ट्रेमधून. घरच्यांपेक्षा पाहुण्यांना मान जास्त असतो असं म्हणतात, पण रोज समोर राहून रोज पाहुणी व्हायचं म्हणजे जीव नकोसा होतो. मला दुसरं काही नको होतं. त्या ओट्यावर बसून त्या बाईनं मला एकदा मराठीत शिव्या द्याव्यात, एवढंच हवं होतं.

म्हणून मी इथली बोली शिकायला घेतली. नवऱ्याला गुरू केलं. तो म्हणाला, सोपं आहे, प्रत्येक गोष्ट ‘करून राहिली’ म्हणायची. मी पण जोमानं लागले. चहा पिऊन राहिली. कपडे वाळत घालून राहिली. भाकरी थापून राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी विचारलं, झोप झाली का, तर मी म्हटलं, “हाव, मी झोपून राहिली, मग उठून राहिली.” सासूबाई पदर तोंडाला लावून मागच्या अंगणात निघून गेल्या. बराच वेळ त्या तुळशीपाशी उभ्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. माझ्या तोंडात इथला शब्द आला तरी चाल कागलचीच राहायची, त्याला मी काय करणार?

अशात सासूबाईंच्या नवसाचे रोडगे करायचे निघाले. मुलगा पुणं सोडून घरी येऊ दे, मी गल्लीला रोडगे घालीन, असं त्या जामसांवलीच्या हनुमानाला बोलल्या होत्या. मुलगा तर आला होता, वर कोल्हापूरची सूनही घेऊन आला होता. सगळ्या गल्लीला जामसांवलीला कुठं नेणार, म्हणून आम्ही आधीच्या शनिवारी जाऊन दर्शन करून आलो आणि जेवण पुढच्या शनिवारी घरीच करायचं ठरलं. रोडगे म्हणजे कणकेचे जाडजूड गोळे, शेणाच्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची, फोडायचे आणि त्यावर तूप ओतायचं. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. गरम असताना ते इतके छान लागतात, की माणूस बोलायचं विसरतो. गार झाले की मात्र दगड.

सासूबाई मला म्हणाल्या, “आवतन तूच देऊन ये. तुले साऱ्यांची ओळख होईल. चूलबंद आवतन देजो.” चूलबंद म्हणजे घरातल्या सगळ्यांनी जेवायला यायचं, त्या दिवशी त्यांच्या घरची चूल पेटायचीच नाही. हा मोठा मान. त्यात एकाला सांगितलं आणि बाकीच्यांना विसरलं असं चालत नाही.

मला ही संधी वाटली. नवऱ्याला स्वयंपाकघरात समोरच्या काकू म्हणून उभं केलं आणि तालीम घेतली. “काकू, शनिवारी आमच्या इथी रोडगे आहे. चूलबंद याजा.” चांगलं जमत होतं. नवऱ्यानं काकूंसारखा पदर पण घेतला होता. मग मी खऱ्या काकूंच्या दारात गेले. त्यांनी दार उघडलं, “आइए बेटा” म्हणाल्या, आणि त्या ‘आइए’नं माझं सगळं पाठांतर पळालं. तोंडातून कागल बाहेर पडलं.

“काकू! शनवारी रोडगं हाईत आमच्यात! तुमच्या घरात चूल पेटवायची न्हाई, सांगून ठेवतो! समद्यांनी यायचं! न्हाई आलासा तर बघा मग!”

काकू एक पाऊल मागं सरकल्या. त्यांचा हात दाराच्या कडीवर गेला. “जी,” त्या म्हणाल्या, “जरूर आएंगे.”

बाकीच्या घरांमध्येही थोड्याफार फरकानं हेच झालं. वेळही मी अगदी ठासून सांगितली, साडेअकरा. आमच्याकडे एकदा सांगितलं की माणसं येतात. जत्रेचं जेवण असेल तर न सांगता येतात, येताना आणखी चौघांना घेऊन येतात, आणि साडेअकरा सांगितलं असेल तर अकराला येऊन चुलीपाशी बसतात.

शनिवार उजाडला. नवऱ्यानं रजा टाकली होती. मागच्या अंगणात गोवऱ्या पेटल्या, धूर झाला, डोळे चुरचुरले. सासूबाईंनी कणीक मळली, बाबूजी निखाऱ्यांजवळ स्टूल घेऊन बसले आणि एकेक गोळा चिमट्यानं फिरवायला लागले. वांग्याच्या भाजीचा मोठा गंज उतरला. सतरंज्या अंथरल्या, पत्रावळी मांडल्या. साडेअकरा वाजले. मी नवी साडी नेसून दारात उभी राहिले.

कुणीही आलं नाही.

बारा वाजायला आले तरी कुणी नाही. मी खिडकीच्या फटीतून बघितलं. समोर काकूंचं दार किलकिलं होतं. आत काकू कडक इस्त्रीची साडी नेसून येरझाऱ्या घालत होत्या. मध्येच दारापाशी यायच्या, आमच्या घराकडे बघायच्या आणि परत आत जायच्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, ही बाई आमची फजिती बघायला नटून बसलीय!

“लोक काहून नाई येऊन राहिले?” सासूबाईंनी विचारलं. मग जरा वेळानं, माझ्याकडे न बघता, “तू बराबर सांगतलं ना बाई?”

हे मात्र लागलं. मी काय सांगितलं होतं ते शब्दाला शब्द म्हणून दाखवलं. कागलच्या चालीत, पुरत्या आवाजात. नवरा आधी हसला, मग त्यानं आईचं तोंड पाहिलं आणि हसायचा थांबला. सासूबाई खाली बसल्या. “चूल पेटवायची नाई, असं सांगतलं?” त्या म्हणाल्या. “धमकी देल्यासारखं?”

“धमकी कसली? आग्रह केला मी!”

बाबूजींनी एक रोडगा उचलून चिमट्यानं वाजवून पाहिला. टणक आवाज आला. “असेच राहिले त फेकू नका,” ते म्हणाले. “पोळ्यानंतर गोटमारले सावरगाववाल्यांवर कामी येतीन.” पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकतात, ती गोटमार. बाबूजी अशा वेळेला विनोद करणारे. एरवी मी पोट धरून हसले असते. त्या दिवशी मला रडू आलं नाही, राग आला. एका गल्लीनं ठरवून माझ्या बोलण्यापायी माझ्या सासूचा नवस उपाशी ठेवला, असं मला वाटलं, आणि मी मनातल्या मनात बॅग भरली. साड्या, फोनचा चार्जर, कोल्हापुरी मसाल्याची बरणी. रोडगे इथेच राहू देत. आणि नवऱ्याला यायचं तर येऊ दे, पण येताना ‘भेटली’ बोलणं बंद करून.

तेवढ्यात सौसरहून नणंद आली. तिला सौसरला दिलीय. स्कूटरवरून उतरली, हेल्मेट काढलं, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं आणि दारातूनच ओरडली, “आई! सारे लोक तयार होऊन आपापल्या घरात बसून राहिले! बोलावणं काहून नाई गेलं अजून?”

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. “अवो माय!”

मी विचारलं, कसलं बोलावणं? आवतन तर मी देऊन आले. तेव्हा मला सांगण्यात आलं. आवतन म्हणजे नुसतं सांगून ठेवणं. जेवण तयार झालं, पत्रावळ मांडली, की घरचं माणूस पुन्हा दारोदार जातं आणि हाक मारतं, चला जेवायला. ती हाक आल्याशिवाय भलं माणूस उंबरा ओलांडत नाही. हाकेआधी जाऊन बसणारा हावरट ठरतो. मग घड्याळात किती का वाजेनात. त्या घरात ही हाक लहानपणापासून नणंद मारायची. म्हणून सासूबाईंना ती कधी कुणाला सांगावी लागली नव्हती, आणि नवऱ्याला ती असते हेच माहीत नव्हतं. तो तेव्हा कायम कमी पडलेल्या पत्रावळी आणायला गेलेला असायचा.

म्हणजे काकू नटून फजिती बघत नव्हत्या. काकूंना भूक लागली होती. सगळ्या गल्लीला भूक लागली होती. मी चूल पेटवायची नाही म्हणून इतक्या जोरात बजावलं होतं, की कुणी चहासुद्धा टाकला नव्हता.

“जा की मग लवकर,” मी नणंदेला म्हटलं.

“मी नाई,” ती म्हणाली. तिनं आत जाऊन पाण्याचा पेला भरून घेतला आणि निवांत प्यायली. “मी आता पाहुणी. माया घरची मी सौसरले. इथली घरची तू हायेस. घरच्यानंच बोलवा लागते.”

घरची तू. ती हे सहज म्हणाली, पाणी पिता पिता. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या रोडग्यांवरची राख झटकत होत्या. “जाय,” त्या म्हणाल्या. “थंडे होऊन राहिले.”

मी गल्लीत उतरले. पहिल्या दारापाशी जाऊन हळू आवाजात म्हणायला गेले, “चला, जेवाले...” पण ते माझ्याच कानाला इतकं मिळमिळीत लागलं, की मी थांबले. दारोदार जाऊन तालमीतलं वाक्य म्हणत बसले असते तर संध्याकाळ झाली असती. मी गल्लीच्या मधोमध उभी राहिले, पदर खोचला आणि आमच्याकडे पलीकडच्या शेतात हाक मारतात तशी मारली.

“चला ओ समदी! पान मांडलंय! रोडगं गार व्हायला लागल्यात! चला, चला, चला!”

दारं अशी उघडली, की जणू प्रत्येक दारामागे कडीला हात लावून कुणीतरी उभंच होतं. इस्त्रीचे शर्ट, केसांना तेल लावून चापून भांग पाडलेली मुलं, सुंठीसारखे सुकलेले म्हातारे, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया. पलीकडच्या गल्लीतली दोन माणसं पण आली. त्यांना आवतनच नव्हतं, पण त्यांना पण ऐकू गेलं होतं. बाबूजींनी त्यांना पण बसवलं.

पहिल्या पंगतीत सगळ्यात पुढे समोरच्या काकू बसल्या. मी तुपाचं भांडं घेऊन वाढत त्यांच्यापाशी आले. त्यांनी रोडगा फोडला, एक घास खाल्ला, भाजी लावून दुसरा खाल्ला, डोळे मिटले. मग डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या पोटात जरा आधार आल्यावर सकाळपासूनचा राग वर आला.

“काहून वो पोरी?” त्या म्हणाल्या. “काही अक्कल आहे का नाई तुले? आवतन देऊन घरात बसून राहिली! चूल पेटवू नका मणे! मायी नात सकाळपासून चहासाठी रडून राहिली, मी म्हाताऱ्याले बिस्कुट बी नाई देल्लं. बोलावणं करा लागते, येवढं बी तुया मायनं नाई शिकवलं का तुले? साऱ्या गल्लीले उपाशी मारतं का वो?”

सासूबाई चुलीपाशी हातात रोडगा घेऊन तशाच थांबल्या. मी आता काय उत्तर देते, या भीतीनं त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मला त्यांनी एव्हाना ओळखलं होतं, माझ्या माहेरचं कुणी काढलं तर मी काय करते ते. नवरा पुढे झाला. पण मला राग आला नव्हता. इतक्या दिवसांनी त्या बाईनं मला पोरी म्हटलं होतं. ‘बेटा’ नाही, ‘आप’ नाही, हिंदीचं एक अक्षर नाही. माझे डोळे भरून आले. नवऱ्याला वाटलं, धूर लागला, म्हणून तो गोवऱ्यांकडे पळाला.

“काय म्हणालासा काकू?” मी म्हटलं. मला सगळं नीट ऐकू आलं होतं.

“अजून सांगू का?” काकू म्हणाल्या, आणि त्यांनी पहिल्यापासून, जास्त मोठ्या आवाजात, पुन्हा सांगितलं. या वेळी त्यात माझ्या साडीचा पण उद्धार होता.

मी खाली वाकले आणि त्यांच्या रोडग्यावर तूप ओतत राहिले. रोडगा बुडाला, भाजी बुडाली, तूप पत्रावळीच्या काठापर्यंत गेलं.

“बस वो, बस!” काकू ओरडल्या. “आता काय तुपात बुडवून मारतं का मले?”

हेही त्या मराठीतच म्हणाल्या.